बाजारपेठेतल्या जुन्या जागेत उपाहारगृह: सरमिसळ सजावट खणाखणाने कशी करावी

मंडईजवळच्या गल्लीतली ती जागा पहिल्यांदा उघडली तेव्हा आत पांढऱ्या मातीचा ओलसर वास कोंडला होता आणि सागवानी खांबांवर ऑइलपेंटचे थर चढले होते. पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं जुनं भांड्यांचं दुकान. रुंदी १४ फूट, खोली ४२ फूट, वर लाकडी माडी. जागा घेणारं जोडपं कित्येक वर्षं घरून डबे देत होतं आणि आता त्यांना बसून जेवण्याचं ठिकाण सुरू करायचं होतं. दोघांनी फोनवर पन्नासेक फोटो दाखवले. प्रत्येक खुर्ची निराळी, भिंतीवर आरसे, पितळी दिवे, फुलाफुलांच्या लाद्या. ताई म्हणाल्या, "आम्हाला असं एक्लेक्टिक हवंय, पण पसारा वाटायला नको."

एक्लेक्टिक म्हणजे निरनिराळ्या घराण्यांच्या वस्तूंची सरमिसळ. काम सुरू करायला त्यांचं हे एक वाक्य पुरेसं होतं. सरमिसळ आणि पसारा यांच्यात वस्तूंच्या संख्येचा फरक नसतो. सरमिसळीला एक ठेका असतो, पसाऱ्याला तो नसतो. पेठेतल्या जुन्या जागांमध्ये हा ठेका आयताच मिळतो, कारण तो इमारतीतच बसवलेला आहे. त्याचं नाव खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा.

खालच्या सगळ्या पायऱ्या त्या जागेवर आणि त्याआधीच्या काही कामांवर शिकलेल्या आहेत. उदाहरणं पुण्याच्या पेठांमधली असली तरी जुन्या लाकडी सांगाड्याच्या कुठल्याही बाजारपेठेत हाच क्रम चालेल.

पायरी पहिली: आधी बाजारात उभं राहा

टेप काढण्याआधी त्या गल्लीत चार वेगवेगळ्या वेळांना अर्धा अर्धा तास उभं राहायचं. आम्ही पहाटे सहाला, दुपारी एकला, संध्याकाळी सातला आणि रात्री दहाला उभे राहिलो. एक फेरी रविवारची.

पहाटे मंडईकडून येणारी जमीन ओली असते, कोथिंबिरीच्या काड्या आणि पाणी पायांबरोबर आत येतं. दुपारी उन्हाची तिरीप बरोबर आमच्या दारात पडत होती, म्हणजे दारालगतच्या टेबलावर एप्रिलमध्ये कुणी बसणार नव्हतं. संध्याकाळी तुळशीबागेतून बायका बाहेर पडतात त्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, बरोबर एखादं कंटाळलेलं मूल आणि पाय दुखणाऱ्या सासूबाई. रात्री दहानंतर गल्लीत टेम्पो शिरू शकतो, म्हणजे फरशी आणि लाकूड आणायची वेळ ती.

या चार फेऱ्यांतून निम्मी सजावट ठरली. इथलं गिऱ्हाईक खरेदी करून थकून येतं. त्याला पिशव्या ठेवायला जागा, पाठ टेकायला आधार, स्वच्छ संडास आणि डोळ्यांना थोडी शांतता लागते. गल्लीत रंग, आवाज आणि माणसं भरपूर आहेत. आतली सरमिसळ बाहेरच्यापेक्षा दोन सूर खाली हवी, हे त्या संध्याकाळी पक्कं झालं.

आजूबाजूला पाहिलं की सरमिसळीची भीतीही जाते. १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेली दगडी मंडई, तिचा अष्टकोनी मनोरा पार विलायती वळणाचा. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर पेशवाईतलं राममंदिर. मधे प्लॅस्टिकच्या डब्यांची आणि बांगड्यांची दुकानं. गेली कित्येक वर्षं हे सगळं एकमेकांशेजारी नांदतंय.

पायरी दुसरी: इमारतीची तब्येत तपासा

इथे घाई करू नका आणि पैसे वाचवू नका. जुन्या वाड्यांचा भार लाकडी सांगाड्यावर असतो. खांब, त्यावर तुळई (जाड आडवं लाकूड), तुळईवर कड्या (बारीक आडवी लाकडं) आणि वर तक्तपोशी (फळ्यांचं छत). दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. भिंत पुष्कळदा नुसती भरणीची असते, त्यामुळे "ही भिंत जाडजूड आहे, हिच्यावर भार असणार आणि तो खांब मधे येतोय, तो काढू" असा अंदाज उलटा पडू शकतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि जुन्या लाकडाचं काम केलेला सुतार असे दोघेही एकत्र बोलवा.

मी स्वतः एक गोष्ट प्रत्येक खांबाशी करते. गुडघ्यावर बसून, खांब जिथे दगडी तळखड्यावर टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचते. चांगल्या सागवानात टोक अडतं आणि टणक आवाज येतो. वाळवी लागलेली असेल तर टोक बिस्किटात जावं तसं आत जातं. त्या जागेत चौदा खांबांपैकी दोन तसे निघाले. सुतारानं वर टेकू देऊन खालचा दीड फूट कुजका भाग कापला आणि जुन्याच सागाचा तुकडा खाच मारून सांधला. हे काम फोटोत कधी दिसणार नाही, पण माडीवर माणसं बसवायची तर ते टाळता येत नाही.

माडीवर दगडी टेबलं, पाण्याची टाकी, मोठा फ्रीज यांतलं काहीही ठेवू नका.

भिंती मातीच्या असतील तर सिमेंटचा गिलावा करू नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचा श्वास कोंडतो आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटून भिंतीचा तुकडाच खाली येतो. चुन्याचा गिलावा, वर चुन्याचाच हात. तो करणारे गवंडी कमी आहेत आणि वेळ जास्त घेतात, पण हा खर्च आणि ही वाट दोन्ही करावीत असं माझं ठाम मत आहे.

परवानग्यांचं थोडक्यात. अन्न परवाना, महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला ही कागदपत्रं आराखडा पक्का होण्याआधी समजून घ्या, कारण दरवाजा किती रुंद आणि बाहेर पडायची वाट कुठे, हे त्यावर ठरतं. इमारत वारसा यादीत आहे का ते महापालिकेत विचारा. जागा शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित वास्तूजवळ असेल तर पहिल्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते.

पायरी तिसरी: एका खणात एक टेबल

आता टेप काढा, पण फुटांबरोबर खणही मोजा. आमच्या जागेत साधारण सहा सहा फुटांचे सात खण होते. मागचे दोन खण स्वयंपाकघराला, एक खण हात धुणं, संडास आणि पैसे घ्यायच्या गल्ल्याला. उरलेले चार खण माणसांना.

चौघांच्या टेबलाचं गणित असं बसतं. दीड फुटाचं बाक, दोन फुटांचं टेबल, पुन्हा दीड फुटाचं बाक. झाले पाच फूट. सहा फुटांच्या खणात ते दोन्ही खांबांमधे अलगद मावतं आणि दोन्ही बाकांमागे थोडी फट राहते. भिंतीपासून चार फूट लांब टेबल, मधली वाट साडेतीन ते चार फूट, समोर पुन्हा चार फुटांचं टेबल. दाराजवळचा एक कोपरा मोकळा सोडून आमची २८ माणसं बसली. वाट तीन फुटांच्या खाली आणू नका. गरम भाजीची बादली घेतलेला मुलगा आणि पिशव्या घेतलेली बाई समोरासमोर आली तर दोघांनाही जाता आलं पाहिजे.

हा खणांचा हिशेब आमच्या सरमिसळीचा कणा झाला. खांब सगळे सारखे, त्यांच्यातलं अंतर सारखं. मग एका खणात लाकडी बाकं, दुसऱ्यात वेताच्या खुर्च्या, तिसऱ्यात लोखंडी घडीच्या खुर्च्या असल्या तरी डोळ्याला ते एका माळेतले मणी वाटतात. खांब दोरीचं काम करतात. म्हणून खांब रंगवू नका, झाकू नका, त्यांना आरसे चिकटवू नका. जुना ऑइलपेंट खरवडून काढा आणि जवसाच्या तेलाचे हात द्या. आमच्या सुताराच्या भाषेत, "लाकडाला तेलपाणी करा, ते स्वतः बोलतं."

जमीनही एकच ठेवा. एका सलग फरशीवर दहा तऱ्हेचं फर्निचर शोभतं. फरशीच प्रत्येक खणात बदलली तर जागा तुकड्यातुकड्यांची आणि आहे त्याहून लहान दिसते.

पायरी चौथी: जमीन

रंगीत सिमेंटच्या लाद्या सगळ्यांना आवडतात. मलाही. मुंबईची एक कंपनी १९२२ सालापासून त्या बनवते. या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात रंगीत सिमेंट ओततात, दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. म्हणूनच त्यांच्यावर लिंबू, चिंच, कोकम सांडलं तर डाग नुसता बसत नाही, पृष्ठभाग खाल्ला जातो. हळदीचं तेल तर आत मुरतं. उपाहारगृहात वापरायच्या असतील तर बसवल्याबरोबर सीलर (ओल आणि डाग अडवणारा लेप) मारा, दरवर्षी पुन्हा मारा, आणि जिथे सांडणं कमी तिथेच ठेवा. आम्ही त्या गल्ल्यासमोर एका चटईएवढ्या जागेत बसवल्या. लोक तिथे उभं राहून पैसे देतात, खाली बघतात आणि त्यांना ती नक्षी दिसते. सगळीकडे असती तर कुणी पाहिली नसती.

बाकी सगळीकडे कोटा दगडाची फरशी. चकचकीत पॉलिश केलेला कोटा पावसाळ्यात घसरतो, म्हणून खरखरीत पृष्ठभागाचा घेतला. दारात तीन फूट लांब खळगा करून त्यात काथ्याची जाड पायपुसणी फरशीच्या पातळीत बसवली, म्हणजे मंडईचं पाणी तिथेच टिपलं जातं. शेजारी छत्र्यांसाठी तांब्याचं जुनं घंगाळ.

पायरी पाचवी: वस्तू आळीआळीने जमवा

सरमिसळ सजावटीत वस्तू कुठून आणायच्या? माझं उत्तर: दुकानापासून चालत जाता येईल तिथून. बाजारपेठेत राहून बाहेरून तयार "जुनाट दिसणाऱ्या" नव्या वस्तू आणणं मला पटत नाही. आजूबाजूला कारागीर बसलेले असताना तर नाहीच.

आम्ही एकेका खणाला एकेक आळी वाटून दिली.

पहिला खण तांबट आळीचा. कसबा पेठेतले तांबट तांब्यावर हातोडीनं ठोके देऊन माठारकाम करतात. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा, चकाकणारा खळगा पडतो आणि तो शेजारच्या खळग्याला नेमका चिकटलेला असतो. दिव्याच्या आत असं माठारकाम असलं की उजेड एकसलग न पडता बारीक बारीक ठिपक्यांनी भिंतीवर सांडतो. चार दिव्यांच्या टोप्या करून घेतल्या, प्रत्येकीचा व्यास १४ इंच. करून घेताना मी तिथेच बसले होते. कारागीर ठोका मारताना हातोडीची जागा जवळजवळ बदलत नव्हता, भांडंच फिरवत होता. एका टोपीत असे शेकडो ठोके असतात. तेव्हापासून मी तांब्याच्या भावाची घासाघीस करत नाही.

दुसरा खण बुरूड आळीचा. बांबूच्या टोपल्या, सुपं, डालगी. इथे आम्ही एक चूक टाळली. भिंतीवर सुपं चिकटवण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण नुसतं शोभेचं सूप वर्षभरात धूळ आणि कोळिष्टक धरतं. आम्ही बुरुडाकडून बाकाखाली सरकणाऱ्या लांबट टोपल्या विणून घेतल्या, आत पिशव्या ठेवायला. त्याच वीणीची चटई भिंतीला साडेतीन फुटांपर्यंत लावली, म्हणजे पाठ टेकली की चुना कपड्यांना लागत नाही.

तिसरा खण जुन्या बाजाराचा. बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पहाटे जा, यादी घेऊन जा आणि यादीबाहेरचं काही आणू नका. आम्हाला लोखंडी घडीच्या खुर्च्या, एनॅमलच्या थाळ्या, एक ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आणि जुना तराजू मिळाला. तराजूच्या पारड्यांत आता बडीशेप आणि लिमलेटच्या गोळ्या असतात.

चौथा खण इराणी हॉटेलांच्या आठवणीचा. पुणे-मुंबईच्या इराण्यांकडच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, १८५९ साली मायकेल थोनेटनं बाजारात आणलेल्या चौदा नंबरच्या खुर्चीच्या वंशातल्या. सहा खुर्च्या एका वखारीत मिळाल्या, बैठका फाटलेल्या. वेत नव्याने विणून घेतला आणि सांधे उघडून पुन्हा सरस लावला. जुनी खुर्ची घेताना उलटी करून चारही पाय हलवून बघा. पाय हलत असेल तर दुरुस्त होतो. वाकवलेल्या कमानीला चीर असेल तर घेऊ नका.

हे सगळं जमवताना एक नियम मी कधीच मोडत नाही: आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला काम हवं. हा नियम मला अनुभवानं शिकवला. पूर्वी एका जागेत मी छतावरून साठेक पितळी भांडी टांगली होती. उद्घाटनाच्या दिवशी फार देखणी दिसली. तीन महिन्यांत प्रत्येक भांड्यावर फोडणीच्या वाफेचा चिकट थर आणि त्यावर धूळ बसली. ती पुसायला एक पोरगा रोज रात्री शिडीवर चढायचा आणि एकदा पडून त्याचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी मी सगळी भांडी उतरवली. तेव्हापासून छतावरून दिवे आणि पंखे सोडून काहीही टांगत नाही.

पायरी सहावी: उंची एक, रूपं अनेक

सरमिसळ फर्निचरमधली सगळ्यात नेहमीची गफलत म्हणजे बैठकीच्या उंचीतला फरक. एक खुर्ची १६ इंच, दुसरी १९, टेबल तेच. मग एकाचं ताट छातीशी आणि दुसऱ्याचं मांडीशी. बघणाऱ्यालाही खोली वेडीवाकडी दिसते, कारण डोकी वरखाली होतात.

म्हणून सगळ्या बैठका १८ इंच, सगळी टेबलं ३० इंच. उंच खुर्चीचे पाय कापा, बुटक्या खुर्चीला खाली लाकडी टोपणं द्या. माणशी टेबलाची रुंदी किमान दोन फूट हवी, आपल्याकडे ताटाबरोबर वाट्या, पाण्याचा पेला आणि पोळ्यांचा डबा येतो. एवढं केलं की खुर्च्यांचं घराणं कुठलंही असू दे.

टेबलाच्या पाटांबद्दल माझी मतं कडक आहेत. शिवणयंत्राच्या लोखंडी स्टँडचं टेबल करू नका, पायट्याला पाय अडतात आणि चौघं बसत नाहीत. कोरीव जुन्या दाराचंही टेबल करू नका. नक्षीत भाताची शितं अडकतात, वर काच टाकली तर खाली ओल कोंडते. दार दारच राहू द्या. संगमरवर फक्त चहाच्या टेबलाला, कारण लिंबू आणि सोलकढीनं तो पांढुरका खरबडतो. जेवणाच्या टेबलांना काळा ग्रॅनाइट, चकाकी नसलेला, कडा गोल केलेला. मुलांची कपाळं बरोबर त्या उंचीला येतात.

आणि खुंट्या. वाड्यांच्या भिंतींत लाकडी खुंट्या असायच्याच, त्या पुन्हा आणल्या. प्रत्येक टेबलाशी दोन, बसल्या जागी हात पोचेल इतक्या खाली, पिशव्यांसाठी. आतापर्यंत सगळ्यात जास्त कौतुक या खुंट्यांचं झालंय.

पायरी सातवी: रंग

रंग निवडताना शेड-कार्डआधी साड्यांच्या दुकानात जा. लक्ष्मी रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे आपल्या रंगांची नावं अजून जिवंत आहेत: डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, चिंतामणी, विटकरी, अबोली. पण नुसत्या नावावर विसंबू नका. आमच्याकडे ताई, रंगारी आणि मी, तिघांनीही "डाळिंबी" म्हणून मान डोलावली आणि तिघांच्या मनात तीन निराळे रंग होते. शेवटी चोळीच्या खणाचा एक तुकडा विकत आणला, तो भिंतीला लावला आणि त्याला जुळवून रंग मिसळला.

जागेत तीनच रंग ठेवा. लाकडाचा, चुन्याचा आणि एक तिसरा. लाकडाचा तपकिरी आणि चुन्याचा पांढरा तर इमारतच देते. तिसरा तुम्ही ठरवा आणि तो तीन-चार ठिकाणी थोडा थोडा येऊ द्या. आमच्याकडे डाळिंबी रंग कोनाड्यांच्या आत, माडीच्या जिन्याच्या उभ्या फळ्यांवर आणि पाटीच्या अक्षरांत आहे. मोठी भिंत एकच चुन्याची.

पायरी आठवी: भिंती, आवाज आणि उजेड

भिंतीवर चित्रं लावायची तर पुण्याकडेच खजिना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं १८७८ साली सुरू झालेल्या चित्रशाळेची शिळाछापाची चित्रं, मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातली चित्रं, जुनी दिनदर्शिका, बिलबुकं. चित्रांच्या चौकटी निरनिराळ्या चालतील, पण कागदाभोवतीचा पांढरा समास सगळ्यांना सारखा ठेवा. चित्राचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर असू द्या, कारण इथे बघणारा माणूस बसलेला आहे. देवांची चित्रं जेवणाच्या खणांत लावू नका. ती गल्ल्याच्या वर, जिथे उदबत्ती लागते तिथे. गिऱ्हाइकांच्या भावनांचा हा साधा मान आहे.

प्रत्येक चौकट दोन खिळ्यांवर टांगा आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावा. गणपतीत ढोलपथक दारावरून गेलं की काचा थरथरतात आणि एका खिळ्यावरची चौकट तिरकी होते, कधी पडते.

आवाजाचा विचार फार थोडे लोक करतात. दगडी फरशी, चुन्याच्या भिंती, ग्रॅनाइटची टेबलं, स्टीलच्या वाट्या. तीस माणसं बोलायला लागली की शेजारच्याचं ऐकू येत नाही. यावर आम्ही घोंगडी वापरली. धनगरांकडची काळी-करडी, हातमागावरची. दोन इंच खोल लाकडी चौकटीवर घोंगडी ताणून, मागे पोकळी ठेवून, त्या चौकटी माडीखालच्या भिंतीवर, डोक्याच्या वर लावल्या. जाड लोकर आवाज पिते आणि सुती कापडासारखी चटकन पेटतही नाही. तरी स्वयंपाकघरापासून लांबच ठेवा, नाहीतर फोडणीचा वास धरते. चौकटी खिळ्यांवर नुसत्या अडकवलेल्या आहेत. पंधरवड्यातून एकदा उतरवून गच्चीवर उन्हात टाकतात. एकदा हात लावून बघा, खरखरीत, थोडी तेलकट, पावसात मेंढीचा वास येणारी. मला ती कुठल्याही महागड्या ध्वनिशोषक पट्टीपेक्षा जास्त आवडते.

उजेड पिवळसर हवा, दिव्याच्या खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला. त्याचबरोबर रंगदर्शकता (CRI, म्हणजे वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असेल तरच आमटी आमटीच्या रंगाची दिसते. सगळ्या दिव्यांचा केल्विनचा आकडा एकच असू द्या, टोप्या मग तांब्याच्या, एनॅमलच्या, काचेच्या कशाही चालतात. टेबलावरची टोपी टेबलाच्या पाटापासून अडीच फूट वर. स्वयंपाकघर आणि जिना इथे मात्र पांढरा, लख्ख उजेड.

जुनी वायरिंग पूर्ण काढून टाका. एकही जुनी तार ठेवू नका. नव्या तारा धातूच्या नळीतून तुळईच्या कडेनं उघड्यावरच न्या. लाकडात खोबणी पाडून लपवू नका.

पायरी नववी: स्वयंपाकघर आणि ताटं

स्वयंपाकघरात सरमिसळ नको. छतापर्यंत पांढऱ्या टाइल, स्टीलचे ओटे, उतार दिलेली जमीन, तेल अडवणारी चेंबर. धुराड्याची टोपी शेगड्यांच्या चारी बाजूंनी सहा इंच बाहेर यायला हवी आणि नळी सरळ छपराच्या वर. वाटेत लाकडी कडी लागत असेल तर नळी आणि लाकडामधे अंतर आणि न जळणारं आवरण ठेवा. शेजाऱ्यांशी आधी बोला. धूर कुणाच्या खिडकीत जाणार, हे पेठेत घराघराला माहीत असतं.

तांब्या-पितळेच्या ताटांत जेवण द्यायचं असेल तर कलई असलीच पाहिजे आणि ती झिजली की पुन्हा करायची. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत ठेवू नयेत. हे दर काही महिन्यांचं काम झेपणार नसेल तर स्टीलची ताटं वापरा, त्यात काही कमीपणा नाही. आम्ही पाण्याला तांब्याचे पेले ठेवले, बाकी स्टील.

पायरी दहावी: पाटी आणि दर्शनी बाजू

महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाच्या पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव आधी यावं लागतं आणि ते इतर लिपीपेक्षा लहान असून चालत नाही. मला यात एक सुंदर संधी दिसते. हातानं अक्षरं काढणारे पेंटर अजून आहेत. आमच्या पेंटरनं आधी खडूनं रेघ मारली, मग एका दमात शिरोरेघ ओढली, हात मनगटापाशी काठीवर टेकवून. पत्र्यावर गर्द हिरवा रंग, अक्षरं चुनखडी पांढरी, सावली डाळिंबी. छापील फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फिका पडतो. ही पाटी पाच वर्षांनी पुन्हा गिरवता येते.

दर्शनी बाजू साधी ठेवा. गल्लीत जितकं बाहेर याल तितकी माणसांची वाट अडेल. ओटा असेल तर मोडू नका, त्यावर घोंगडी टाका आणि वाट पाहणाऱ्यांना बसू द्या. भाद्रपदात समोर मांडवाचे खांब उभे राहतात, तेव्हा पाटी मांडवाच्या कापडाखाली येणार नाही ना, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच विचारून घ्या.

खर्चाचा माझा हिशेब

माझ्या कामांत शंभरातले जवळजवळ पन्नास रुपये न दिसणाऱ्या गोष्टींना जातात: लाकडाची दुरुस्ती, वायरिंग, नळ, ओल, धुराडं. वीसेक फरशी-गिलाव्याला. उरलेल्या तिसांत फर्निचर, दिवे, चित्रं. त्यातूनही पाच बाजूला ठेवा, कारण पहिल्या महिन्यातच एखादी तुळई किंवा गटार आपलं म्हणणं मांडतं.

उद्घाटनाला सगळ्या भिंती भरून टाकू नका. आम्ही चौथ्या खणातली अर्धी भिंत मुद्दाम कोरी ठेवली. दुसऱ्याच आठवड्यात एक आजोबा जेवायला आले. त्यांनी खांब ओळखला. या दुकानातून त्यांच्या आईनं त्यांच्या मुंजीची भांडी घेतली होती. पुढच्या खेपेला ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या दुकानाची एक जुनी पावती घेऊन आले, कडा कुरतडलेली, जांभळ्या शाईची. ती आता त्या भिंतीवर आहे, दोन खिळ्यांवर, साडेचार फुटांवर.